पीसीबीच्या डिझाइनपासून टूलपाथपर्यंत: घरच्या सीएनसीवर बोर्ड कोरताना

आमच्या सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीसाठी मी पाण्याच्या पातळीवर पंप चालू-बंद करणारा एक छोटा सर्किट बोर्ड, म्हणजे पीसीबी, केला. पन्नास बाय चाळीस मिलिमीटर, एक यूएलएन २००३ (रिले चालवणारी चिप), दोन रिले, चार स्क्रू टर्मिनल. पहिल्यांदा कोरला तेव्हा तो आरशातला निघाला. दुसऱ्यांदा ट्रॅक, म्हणजे तांब्याच्या वाटा, अर्धे खाल्ले गेले. तिसऱ्यांदा एका कोपऱ्यात तांबं जसंच्या तसं राहिलं आणि समोरच्या कोपऱ्यात बिट, म्हणजे कोरायचं टोक, तांब्याखालच्या फायबरमध्ये घुसून बसलं. पहिली चूक निव्वळ वेंधळेपणाची होती. तिसरीचं कारण बोर्ड सपाट नसणं, ते पुढे येईल. दुसरीचं मूळ हे: आपलं बिट तांब्यात प्रत्यक्ष किती रुंद रेघ मारतं, हे मला माहीत नव्हतं. पाकिटावर ०.१ मिमी छापलं होतं म्हणून सॉफ्टवेअरमध्ये ०.१ भरलं, एवढंच.

म्हणून या लेखाचा क्रम जरा उलटा आहे. आधी मशीन, मग डिझाइन, मग टूलपाथ. गृहीत धरलंय ते असं: तुमच्याकडे ३०१८ जातीचं छोटं सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आदेशावर कोरणारं मशीन आहे, त्यात जीआरबीएल (मशीनच्या मोटरी चालवणारं फर्मवेअर) आहे, डिझाइन कीकॅडमध्ये करता आणि टूलपाथ, म्हणजे बिटाचा मार्ग, फ्लॅटकॅममध्ये काढता. दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत.

आधी सामान

तांब्याचा कोरा बोर्ड पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीत सहज मिळतो. दुकानात दोन प्रकार दाखवतील. एक हिरवट-पिवळसर, अर्धपारदर्शक ग्लास इपॉक्सीचा, म्हणजे एफआर-४. दुसरा तपकिरी, कागद आणि फिनॉलिक राळेचा. कोरायला तपकिरी बोर्ड मऊ, बिट त्यावर जास्त टिकतं आणि काचेची धूळही उडत नाही. पण डाग देताना जास्त वेळ सोल्डरिंगची इस्त्री टेकवली तर त्याचे पॅड, म्हणजे पाय जोडायच्या तांब्याच्या चकत्या, उचकटतात. मी सरावासाठी तपकिरी आणि पक्क्या कामासाठी एफआर-४ वापरतो. जाडी १.६ मिमी आणि तांबं ३५ मायक्रॉनचं घ्या. जाड तांब्याचा बोर्ड घेऊ नका, कोरायला उगाच त्रास. गठ्ठ्यातला तुकडा निवडताना तो डोळ्यांच्या रेषेत धरून बघा. वाकलेला असेल तर दुसरा मागा.

बिटं तीन प्रकारची लागतात: रेघा कोरायला टोकदार व्ही-बिट, भोकांसाठी ०.८ मिमीचं ड्रिल, आणि बोर्ड कापून काढायला कणसासारख्या दातांचं १ मिमीचं बिट, ज्याला कॉर्न बिट म्हणतात. सगळ्यांचा दांडा ३.१७५ मिमीचा हवा, म्हणजे एकाच कोलेटमध्ये (बिट धरणाऱ्या चिमट्यात) बसतात.

एफआर-४ची धूळ म्हणजे काचेचे तंतू आहेत. एन-९५ मास्क आणि गॉगल लावा, व्हॅक्यूम क्लीनरचा पाइप बिटाशेजारी बांधा आणि तोंडाने फुंकर मारायची सवय मोडा. घरात लहान मूल असेल तर हे मशीन स्वयंपाकघराच्या ओट्यावर मुळीच नको.

खोली म्हणजेच रुंदी

व्ही-बिट शंकूसारखं असतं. जितकं खोल जाईल तितकी रेघ रुंद होते. हिशेब सोपा आहे: रुंदी = टोकाची रुंदी + २ × खोली × अर्ध्या कोनाचा टॅन. ३० अंशांचं, ०.१ मिमी टोकाचं बिट ०.०८ मिमी खोल गेलं तर रुंदी ०.१४ मिमी. तेच ०.२ मिमी खोल गेलं तर ०.२१. ६० अंशांच्या बिटाने त्याच ०.२ खोलीवर ०.३३ मिमीची रेघ पडते. म्हणजे बोर्ड ०.१ मिमीने वर-खाली असेल तर ३० अंशांच्या बिटाची रेघ ०.०५ने बदलते आणि ६०च्या बिटाची ०.१२ने. त्यामुळे कोन लहान असलेलं बिट बरं. मात्र फार निमुळतं बिट हातातून टेबलावर पडलं तरी टोक गमावतं. मी ३०वर स्थिरावलो आहे.

हे झालं कागदावरचं. प्रत्यक्षात स्वस्त बिटाचं टोक ०.१चं नसतं आणि स्पिंडल, म्हणजे बिट फिरवणारी मोटर, थोडा लचकत फिरतो. माझ्या मशीनवर ०.१४च्या जागी ०.१९ येतं. तुमच्या मशीनवर काय येतं, ते तुम्हीच मोजायचं. सूक्ष्मदर्शक असेल तर उत्तम. नसेल तर ही युक्ती करा.

टाकाऊ तुकड्यावर दहा मिमी लांबीच्या रेघांच्या जोड्या कोरा. पहिल्या जोडीतल्या दोन रेघांच्या मध्यांमधलं अंतर ०.४० मिमी, पुढच्या जोडीत ०.३५, मग ०.३०, ०.२५, ०.२० आणि ०.१५. सगळ्यांची खोली ०.०८. ही फाइल हाताने लिहायला दहा मिनिटं लागतात: रेघेच्या सुरुवातीला जा, खाली उतर, दहा मिमी सरक, वर ये. आता भिंग घेऊन बघा. सुरुवातीच्या जोड्यांमध्ये दोन रेघांच्या मधोमध तांब्याची पट्टी दिसेल. ज्या जोडीत ती पट्टी पहिल्यांदा नाहीशी होते, ते अंतर म्हणजे तुमच्या बिटाची खरी रुंदी, पाच शतांश मिमीच्या फरकाने. आणखी नेमकं हवं असेल तर त्या जागेच्या आसपास ०.०२च्या फरकाने पुन्हा जोड्या कोरा. हा आकडा बिटाच्या डबीवर स्केचपेनने लिहून ठेवा. बिट बदललं की आकडा बदलतो.

मग डिझाइन

आता कीकॅड उघडा आणि या आकड्यावर नियम ठरवा. कारखान्यातून बोर्ड करून घेताना ०.१५ मिमीची मोकळीक चालते, ती सवय इथे सोडून द्या. मी ट्रॅक ०.६, जागा असेल तिथे १ मिमी आणि दोन ट्रॅकमधली मोकळीक निदान ०.३ ठेवतो. डिझाइनच्या नियमांमध्येच हे भरलं की कीकॅड स्वतःच अडवतं.

खरी कसोटी लागते आयसीच्या पायांमधून ट्रॅक काढताना. यूएलएन २००३च्या पायांमधलं अंतर २.५४ मिमी. कीकॅडमधला नेहमीचा पॅड १.६ मिमीचा, म्हणजे दोन पॅडमध्ये ०.९४ मिमी जागा उरते. त्यातून ०.४चा ट्रॅक नेला तर दोन्ही बाजूंना ०.२७ मिमी राहतं. ०.१९ रुंदीचं बिट त्यातून जातं. ०.३चं जाणारच नाही. पॅड अरुंद आणि लांबट केला, ०.९४ची जागा १.१४ झाली, तर बाजूला ०.३७ मिळतं आणि जीव शांत होतो. मी हेच करतो. किंवा ट्रॅक पायांमधून काढायचाच नाही, वरून वायरचा तुकडा टाकायचा. जम्पर टाकण्यात कसलाही कमीपणा नाही. जुन्या रेडिओंचे एकपदरी बोर्ड उघडून बघा, वायरच्या तुकड्यांनी भरलेले असतात.

पायांचे पार्ट वापरत असाल तर सगळे ट्रॅक मागच्या थरावर काढा. भोकांच्या व्यासांची खिचडी करू नका. रेझिस्टर, आयसी, ट्रान्झिस्टर यांना ०.८, आणि टर्मिनल, रिले यांना १.३. दोनच. बोर्डाची बाहेरची कड एज कट्सच्या थरावर बंद आकृती म्हणून काढा. एक टोक चुकून उघडं राहिलं तर कापायचा मार्ग तयारच होत नाही.

आरसा

माझ्या पहिल्या बोर्डाने मला हा धडा शिकवला, म्हणून थोडं सविस्तर. कीकॅड मागचा थर वरून, बोर्ड पारदर्शक असल्यासारखा दाखवतं. गर्बर फाइलही, म्हणजे थराची आकृती सांगणारी फाइल, तशीच निघते. पण मशीनवर तांबं वर तोंड करून असतं. म्हणजे मागच्या थराची फाइल डावी-उजवी उलटवूनच कोरायला हवी. पुढच्या थरावर चिपचे छोटे पार्ट असतील तर उलटवायचं नाही. मी उलटवायला विसरलो, आणि आयसी तांब्याच्या बाजूनेच बसवला. चालला, पण बघवत नव्हतं.

उलटवताना दुसरी गंमत होते. ट्रॅकची फाइल स्वतःच्या मध्याभोवती उलटते, भोकांची फाइल तिच्या मध्याभोवती उलटते, आणि दोन्हींचे मध्य वेगळे असल्यामुळे भोकं पॅडच्या बाहेर पडतात. यावर उपाय कीकॅडमध्येच करून ठेवा. ड्रिल आणि प्लेस फाइलचा ओरिजिन (शून्य बिंदू) बोर्डाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात ठेवा. मग सगळा बोर्ड शून्याच्या डावीकडे येतो. फ्लॅटकॅममध्ये तो शून्यातून जाणाऱ्या उभ्या रेषेभोवती उलटवला की उजवीकडे, नेमका शून्य ते पन्नासमध्ये येऊन बसतो. उणे आकडे नाहीत, गोंधळ नाही.

फाइली काढताना

कीकॅडच्या प्लॉटमध्ये तीनच थर लागतात: मागचं तांबं, कड, आणि हवं असेल तर पुढचं तांबं. ड्रिल/प्लेस ओरिजिन वापरण्याची खूण करायला विसरू नका. भोकांच्या एक्सेलॉन फाइलसाठीही तोच ओरिजिन, एकक मिलिमीटर, आकडे दशांश स्वरूपात. आतून तांबं चढवायची भोकं आणि साधी भोकं एकाच फाइलमध्ये घाला, आपल्याला फरक पडत नाही. आकड्यांचं स्वरूप चुकलं तर फ्लॅटकॅममध्ये भोकं एका ठिपक्यात गोळा होतात किंवा बोर्डाच्या दहापट पसरतात. असं दिसलं की सेटिंग बघायचं, डिझाइन नाही.

रेघांचा मार्ग

फ्लॅटकॅममध्ये गर्बर आणि एक्सेलॉन उघडा. दोन्ही एकमेकांवर बरोबर बसताहेत का ते बघा, मग डबल-सायडेड टूलने दोन्ही आणि कडेची फाइलसुद्धा एकाच अक्षाभोवती उलटवा. आयसीचा एक नंबरचा पाय आता कुठे आलाय, ते बोट ठेवून तपासा. गर्बर निवडून आयसोलेशन, म्हणजे ट्रॅकभोवतीच्या रेघांचा मार्ग, काढा. इथे बिटाची रुंदी विचारतो. डबीवर लिहिलेला आकडा भरा.

हा आकडा चुकला तर काय होतं, ते नीट समजून घ्या, कारण सॉफ्टवेअर सहसा ओरडत नाही. फ्लॅटकॅम प्रत्येक तांब्याच्या आकृतीभोवती बिटाच्या अर्ध्या रुंदीवर रेघ काढतं. तुम्ही ०.१ भरलं आणि बिट खरं ०.२२ कापत असेल, तर मध्यरेषा ट्रॅकपासून ०.०५वर जाते आणि बिट ०.११ खातं. ट्रॅकच्या दोन्ही बाजूंनी ०.०६ जातं. ०.३चा ट्रॅक ०.१८चा होतो. माझ्या दुसऱ्या बोर्डाचं हेच झालं होतं. उलट ०.३ भरलं आणि दोन पॅडमध्ये ०.२७च जागा असेल, तर तिथे रेघच निघत नाही. दोन्ही पॅड जोडलेले राहतात, पडद्यावर लाल इशारा वगैरे काही नसतो. म्हणून मार्ग तयार झाला की झूम करून आयसीच्या प्रत्येक दोन पायांमध्ये रेघ आहे का, ते मोजून बघा. मी सोळा पायांच्या आयसीला चौदा वेळा बघतो, एका बाजूला सात फटी.

फेऱ्या किती? एका फेरीत ०.१९ची चर पडते. विजेच्या दृष्टीने पुरेशी, पण डाग देताना कथील तिच्यावरून सहज उडी मारतं. तीन फेऱ्या आणि पाव भाग एकमेकांवर धरला तर चर साधारण ०.४७ मिमी होते. जिथे जागा कमी आहे तिथे पुढच्या फेऱ्या आपोआप गाळल्या जातात, ट्रॅक खाल्ला जात नाही. रिलेच्या २३० व्होल्टच्या बाजूला मात्र एवढ्यावर समाधान मानू नका. तिथलं तांबं पूर्ण साफ करा आणि घरच्या विजेच्या आणि कमी व्होल्टच्या भागात निदान सहा-सात मिमी मोकळी जागा सोडा. रिलेच्या पायांखालून फट कापलीत तर आणखी बरं.

पुढे सीएनसी जॉब. खोली उणे ०.०८, प्रवासाची उंची २ मिमी, पुढे सरकण्याचा वेग मिनिटाला १५० मिमी, खाली उतरण्याचा ५०, स्पिंडल पूर्ण वेगात. स्पिंडलची ७७५ मोटर मिनिटाला साधारण नऊ-दहा हजार फेरे देते, या बिटासाठी तो वेग कमीच आहे. म्हणून घाई करू नका. पोस्ट-प्रोसेसर, म्हणजे आदेश कोणत्या मशीनच्या भाषेत लिहायचे ते, जीआरबीएलचा निवडा.

भोकं आणि कड

जीआरबीएलला भोकांचं तयार चक्र, म्हणजे जी ८१, समजत नाही. एम ६ हा बिट बदलायचा आदेशही चालत नाही, फाइल तिथेच अडकते. जीआरबीएलच्या पोस्ट-प्रोसेसरने फ्लॅटकॅम साधी वर-खाली हालचाल लिहून देतं. पण बिट बदलाची भानगड टाळायला मी प्रत्येक व्यासाची फाइल वेगळी काढतो. ०.८च्या ड्रिलने ०.८ची भोकं. १.३ची आणि मोठी स्क्रूची भोकं १ मिमीच्या कॉर्न बिटाने गोल फिरवून कोरायची, फ्लॅटकॅममध्ये भोकं मिल करण्याचा पर्याय आहे. खोली १.८ मिमी, उतरण्याचा वेग ५०. खाली टाकाऊ एमडीएफ हवंच.

कड शेवटी. आधी कापली तर सुटा बोर्ड हलतो. कॉर्न बिट १ मिमी, एका फेरीत ०.४, एकूण १.७, वेग १००. चारही बाजूंना दीड-दोन मिमीचे टेकू ठेवा, नंतर कटरने तोडून कानशीने घासायचे.

पीसीबी-टू-जीकोड नावाचं कमांडवर चालणारं सॉफ्टवेअरही आहे. एकदा सेटिंगची फाइल लिहिली की प्रत्येक बोर्डाला तेच आकडे लागतात. सारखेच बोर्ड वारंवार करत असाल तर ते चांगलं. नवशिक्याला पडद्यावर मार्ग दिसणं जास्त मोलाचं वाटतं मला.

उंचीचा नकाशा

तांबं ३५ मायक्रॉनचं, आणि ३०१८चं टेबल, एमडीएफ व बोर्डाचा बाक मिळून दोन-तीनशे मायक्रॉनचा फरक सहज पडतो. माझ्या तिसऱ्या बोर्डाची गत यामुळेच झाली. खोली वाढवून हे सुटत नाही, कारण खोली म्हणजे रुंदी. इथे उंचीचा नकाशा लागतो: बोर्ड कुठे किती वर-खाली आहे ते आधी मोजायचं आणि बिट त्यानुसार वर-खाली न्यायचं.

बोर्ड आधी नीट चिकटवा. एमडीएफवर मास्किंग टेप, बोर्डाच्या पाठीवर मास्किंग टेप, मध्ये फेविक्विकचे थेंब, आणि दोन मिनिटं दाबून धरा. फक्त कडेला क्लॅम्प लावले तर मधला भाग ढोलासारखा दबतो.

आर्डुइनो युनोवरच्या जीआरबीएलमध्ये प्रोबची पिन, म्हणजे बिट तांब्याला टेकलं हे ओळखणारी पिन, ए-५ आहे. एक मगरी क्लिप तिथून बिटाला, दुसरी ग्राउंडच्या पिनेतून तांब्याला. दोन्ही क्लिपा एकमेकींना टेकवून पडद्यावर प्रोब लागल्याचं दिसतं का, ते आधी बघा. नाहीतर बिट थेट तांब्यात घुसतं. शून्यावर झेड प्रोब करून कँडल किंवा बीसीएनसी या मशीन चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये पन्नास बाय चाळीसच्या जागेत दहा-दहा मिमीवर जाळं टाका. सहा गुणिले पाच, तीस ठिपके. पाच-सात मिनिटं लागतात. मग तोच नकाशा रेघांच्या फाइलवर लावायचा. भोकं आणि कडेला त्याची गरज नाही.

बिट बदललं की एक्स आणि वायचा शून्य हलवायचा नाही, फक्त झेड पुन्हा घ्यायचा, आणि तोही नकाशा सुरू केला त्याच ठिकाणी. आणि स्पिंडल सुरू करण्याआधी बिटाची क्लिप काढा. ती वायर गरगरत स्पिंडलभोवती गुंडाळली जाते तेव्हाचा आवाज मी ऐकलाय.

चालवताना

आधी झेड पाच मिमी वर ठेवून हवेत कोपऱ्यांवरून एक फेरी मारा. बिट बोर्डाच्या बाहेर जात असेल तर आत्ताच कळतं. मग शून्याजवळ, बोर्डाच्या कडेबाहेर, मोजून ठरवलेल्या जागी ०.८चं एक खुणेचं भोक पाडून ठेवा. हे मी गुरुवारी शिकलो. पुण्यात गुरुवार देखभालीच्या वीजबंदीचा वार, आणि मी नेमका साडेनऊला बोर्ड लावून बसलो होतो. वीज गेली, मोटरींना आपण कुठे आहोत ते आठवत नाही, मशीनला जागा ओळखून देणारे लिमिट स्विच नाहीत. खुणेचं भोक असतं तर तेच ड्रिल लावून त्यात अलगद उतरवून शून्य परत मिळालं असतं. आता भोक पाडतो, आणि गुरुवारी कोरत नाही. लॅपटॉपची झोपही बंद ठेवा, यूएसबी तुटली की तेच होतं.

पहिली रेघ पडताना शेजारी बसा. चरीतून पिवळसर फायबर सलग दिसायला हवं. मधेच तांब्याचा चमकदार धागा दिसला तर खोली ०.०२ने वाढवून तीच फाइल पुन्हा चालवा, मार्ग तोच असल्याने नुकसान नाही. कडा केसाळ, उचकटलेल्या आल्या तर बिट बोथट झालंय किंवा वेग जास्त आहे.

नंतरचं

हिरव्या घासणीने बोर्ड हलका घासा. स्टीलची घासणी नको, तिचे तंतू चरीत अडकून शॉर्ट करतात. एफआर-४ असेल तर बोर्ड ट्यूबलाइटसमोर धरा: कोरलेल्या चरी उजळतात, राहिलेला तांब्याचा तंतू काळी रेघ म्हणून उठून दिसतो. कटरच्या टोकाने तो काढा. मग मल्टीमीटरने आयसीच्या शेजारशेजारच्या पायांमध्ये बीप येते का बघा. बीप यायला नको, जिथे मुद्दाम जोडलंय ती जागा सोडून.

पावसाळ्यात उघडं तांबं आठवड्यात काळवंडतं. म्हणून फ्लक्स लावून इस्त्रीने सगळ्या ट्रॅकवर कथलाचा पातळ थर फिरवतो, पितळेच्या भांड्याला कल्हई करावी तसा. डाग देऊन झाले की आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून राळेचं पातळ द्रावण मारतो. टाकीवरचा बोर्ड असाच प्लॅस्टिकच्या डबीत घालून जिन्याच्या मीटरखोलीत लावला आहे, आणि आरशातला पहिला बोर्ड अजून टेबलावर आहे, क्लिप अडकवायला बरा पडतो.